डायसल्फिराम २५०, नऊ महिने वापरल्यावर: गोळीला पैकीच्या पैकी, नाक्याला भोपळा

तिसऱ्या महिन्यातल्या मतात पाचपैकी पाच तारे होते. आता तीन. दारू सोडवायची गोळी तीच, डोस तोच, रोज सकाळी २५० मिलीग्रॅम. फरक एवढाच पडला की नाक्यावर देशीच्या दुकानासमोर भुर्जीची गाडी लागायला लागली.

हसण्यासारखं आहे, पण दोन तारे तिनंच खाल्ले.

डायसल्फिराम तल्लफ मारत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं आणि ते पुढं फोडणारं एन्झाइम ही गोळी अडवते, म्हणून ते अंगात साचतं. वरून घोट गेला की दहा-पंधरा मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत धडधड, डोकं ठणकायला लागतं, उलट्या, रक्तदाब खाली. काम भीतीचं आहे आणि ते चोख होतं. तल्लफ मात्र बाहेर रस्त्यावर उठते. तापल्या तव्यावर कांदा-मिरची पडली की ठसका पन्नास पावलांवर पोचतो. शेजारी पत्र्याच्या टेबलावर प्लास्टिकचे ग्लास, सोड्याच्या बाटल्या, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. वर्षानुवर्षं तो वास आणि पहिला घोट जोडीनं आलेले असतात, त्यामुळे नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटतं आणि हात खिशाकडे जातो. दुकान निदान रात्री शटर ओढतं, गाडी त्यानंतरही चालू. आणि दुकानात शिरणारा माणूस दिसतो तरी. गाडीवर ‘नुसती भुर्जी खातोय’ म्हणून अर्धा तास उभं राहता येतं.

धोक्याची वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. पोट रिकामं, हातात हजेरीचे पैसे, सोबत कामावरची चौकडी. त्यावर कामावरून निघतानाच दोन केळी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खाऊन निघणं, हा दहा-पंधरा रुपयांचा उपाय कामाला येतो. पगार रोख न घेता खात्यात घ्यावा, आणि फोनवरचं पैसे पाठवायचं अ‍ॅप पहिले काही महिने घरच्यांच्या ताब्यात द्यावं. क्वार्टर आता स्कॅन करूनही मिळते.

नाक्याचा दुसरा त्रास म्हणजे तिथली डॉक्टरकी. ‘सोमवारपासून गोळी बंद कर, शनिवारी बसू’ असा हिशेब कट्ट्यावर कुणीही सांगतो. तो चुकीचा आहे. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत रिअ‍ॅक्शन येऊ शकते. सहाव्या दिवशी बसलेला माणूस त्याच रात्री कॅज्युअल्टीत दिसतो. उलट एखाद्याला २५० वर जोराची रिअ‍ॅक्शन येत नाही, मग ‘काही होत नाही रे’ अशी बातमी सगळ्या आळीत फिरते. दोन्हींचा परिणाम एकच: गोळी सुटते.

म्हणून गोळी सकाळीच, चहाच्या आधी, घरच्या माणसासमोर. सकाळी एकदा घेतली की संध्याकाळच्या नाक्याशी भांडण निम्मं संपतं. स्ट्रिप मोजण्यात अर्थ नाही. गोळी गालात धरून मोरीत थुंकता येते. चुरून अर्धा ग्लास पाण्यात ढवळायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत थांबायचं. पण पेशंटला माहीत असलंच पाहिजे. चहात, आमटीत गुपचूप कालवणं हा प्रकार वस्त्यांमध्ये सर्रास चालतो. तसं अजिबात करू नका. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. ‘न सांगता दारू सोडवा’वाल्या पुड्यांची पोस्टर त्याच नाक्यावर लागलेली असतात, तीही फाडायच्या लायकीची.

बाकी गोष्टी भराभर. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास, शक्यतो पूर्ण दिवस गेल्याशिवाय सुरुवात नाही. रोजचा पिणारा असेल तर आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवणं. घरीच एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. सुरू करण्यापूर्वी लिव्हरची तपासणी, दोन आठवड्यांनी परत, मग अधूनमधून. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. जुलाबावर दिली जाणारी मेट्रोनिडाझोल यासोबत चालत नाही. खोकल्याची काही औषधं, माउथवॉश यांत अल्कोहोल असतं, लेबल वाचा.

गोळी स्वस्त आहे, महाग पडतो फॉलोअप. केसपेपरला नाममात्र पैसे, पण ओपीडीच्या रांगेत अख्खी हजेरी बुडते. गल्लीतल्या मेडिकलमधून घेतली तर दुपारपर्यंत चाळभर होतं, म्हणून बहुतेक लोक दोन स्टॉप लांबून आणतात आणि एखाद्या महिन्यात आणायचंच राहून जातं. दोन महिन्यांची चिठ्ठी मागा. तल्लफच जास्त असेल तर नाल्ट्रेक्सोन ५० या तल्लफ कमी करणाऱ्या गोळीबद्दल विचारा. खर्च वाढतो, पण भुर्जीच्या वासावर निदान काहीतरी करते.

दुकानच हटवायचं तर राज्यात ‘बाटली आडवी’ची सोय आहे: २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त महिलांचं मत आडव्या बाटलीला. मात्र त्यात परवान्याचं दुकान बंद होतं, गाडी नाही. आणि बंदीवर उपचार टांगून ठेवू नये. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली.

राहता राहिला रस्ता. एक स्टॉप आधी उतरून मागच्या गल्लीनं घरी येणं, हाच सध्या सगळ्यात टिकलेला उपाय. सोबत कुणी घ्यायला आलं तर उत्तम. अडचण पावसाळ्यात येते: त्या गल्लीत घोटाभर पाणी साचतं आणि पाय आपोआप नाक्याकडे वळतात. जूनच्या आधी गमबूट घेऊन ठेवा. गोळीच्या महिन्याच्या खर्चापेक्षा महाग पडतात, आणि ते कुठल्याच चिठ्ठीवर लिहून मिळत नाहीत.