डायपरचा वास घालवणारं यंत्र आणि एक रुपयाचं ‘व्हेरिफिकेशन’

घरात तान्हं बाळ असेल आणि मोबाइलवर ‘डायपरचा वास कायमचा बंद’ अशी जाहिरात सारखी दिसत असेल, तर ऑर्डर टाकण्याआधी हे वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे बाळाच्या खोलीत नको ती वस्तू रात्र-रात्र चालू राहिली.

मुलीला तेव्हा आठवा महिना लागला होता. नुसत्या आईच्या दुधावर असेपर्यंत बाळाच्या शीला फारसा वास नसतो. नाचणीचं सत्त्व, वरणभात सुरू झाला की चित्र पालटतं. त्यात पुण्याचा जुलै. खिडक्या बंद, कपडे घरातच वाळत टाकलेले आणि कचरा सकाळी एकदाच जाणार. रात्री बदललेले डायपर तोवर बाथरूममधल्या डब्यात. सकाळी झाकण उघडलं की डोळ्यांत झोंबणारा दर्प यायचा. तो अमोनियाचा. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि डायपर जितका वेळ उबेत, बंद डब्यात पडून राहील तितका तो वाढतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त वास जायला हवा होता.

विकणाऱ्यांना नेमकी ही वेळ ठाऊक असते. इन्स्टाग्रामवरच्या व्हिडिओत पांढरा कोट घातलेली एक बाई सांगत होती की डायपरमधले जंतू हवेतून बाळाच्या फुप्फुसात जातात आणि हा डायपर टाकायचा डबा ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’ने ते मारतो. खाली उलटं चालणारं घड्याळ, ‘फक्त ३ नग शिल्लक’. कॅश ऑन डिलिव्हरी ‘आजच्यापुरती बंद’. दुसऱ्या दिवशी उघडलं तरी ३ नगच शिल्लक होते. अशी खोटी घाई लावणं २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित प्रकार म्हणून नावानिशी नोंदलेलं आहे.

डब्याचे २,४९९ रुपये भरले. लगेच दुसरा पडदा आला: ‘पहिला रिफिल रोल मोफत. फक्त १ रुपयाचं व्हेरिफिकेशन.’ खरी पाचर इथेच मारलेली होती. तो १ रुपया म्हणजे यूपीआय ऑटोपेची, दरमहा आपोआप पैसे कापायची मंजुरी होती. पिन टाकण्याच्या पानावर बारीक अक्षरांत ‘दरमहा, कमाल ८९९ रुपये’ असं असतं. वर मोठ्या अक्षरांत दिसतो तो १ रुपया. एकदा पिन टाकून ही मंजुरी, म्हणजे मँडेट, तयार झालं, की पुढच्या अशा छोट्या रकमांना पुन्हा पिन विचारला जात नाही. पैसे कापण्याआधी सूचना येते, पण आमच्याकडे ती आली वेगळ्याच नावाने. डब्यावरचा ब्रँड एक, पैसे घेणारा दुसरा. बाळाच्या लसींच्या आठवणी, बँकेचे मेसेज, गॅसचं बुकिंग या गर्दीत अनोळखी नावाची एक सूचना सहज निसटते, आणि सगळा डाव त्यावरच बेतलेला असतो.

डबा आला तो साधा पेडलचा. झाकणाखाली काळी डबी, तिला यूएसबीची वायर. खोक्यावर आयएसआयसारखं चिन्ह, पण वर आयएस क्रमांक नाही आणि खाली लायसन्स नंबरही नाही. खऱ्या चिन्हावर दोन्ही असतात, आणि तो लायसन्स नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की कोणाचा आहे ते कळतं. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा फोन हे पाकिटबंद वस्तूवर छापावंच लागतं. इथे यातलं काहीच नव्हतं.

पहिल्या रात्री वास खरंच कमी वाटला. सकाळी सासूबाई खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, “अगं, झेरॉक्सच्या दुकानात शिरल्यासारखं का वाटतंय इथे? बंद कर बघू ते आधी.” त्यांचं नाक पक्कं निघालं. झेरॉक्स मशीनजवळ येणारा तो वास ओझोनचा असतो, आणि जाहिरातीतला ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’ म्हणजे हाच वायू.

मशीन आम्ही काही तास बंद ठेवायचो, पण डायपरचा वास परत आला की पुन्हा लावायचो. मुलगी रात्री कोरडं खोकायला लागली तेव्हा भावजींनी डबी स्क्रूड्रायव्हरने उघडली. ते इलेक्ट्रॉनिक्सचे डिप्लोमावाले. आत एक छोटं सर्किट, त्यातून निघालेल्या उच्च दाबाच्या दोन सुया, आणि ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टर’ म्हणून बसवलेला स्पंजचा तुकडा. नळाखाली धरल्यावर त्याचा काळा रंग बेसिनमध्ये वाहून गेला आणि हातात राखाडी स्पंज उरला.

बालरोगतज्ज्ञांनी एक वाक्यही पुरं ऐकून न घेता ते यंत्र घराबाहेर काढायला सांगितलं. ओझोन श्वासनलिकेला झोंबतो. त्याने खोकला येतो, दम्याचा त्रास वाढतो. खोकला त्याच्यामुळेच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पावसाळाच होता. पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हवा शुद्ध करायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ओझोन यंत्रांबद्दल स्पष्ट लिहून ठेवलंय: आरोग्याला सोसेल इतकाच ओझोन सोडला तर तो वास आणि प्रदूषण घालवायला फारसा उपयोगी नाही, आणि उपयोगी पडेल इतका सोडला तर तो माणसाला सोसत नाही. म्हणजे हे यंत्र नीट चाललं तरी वाईट आणि नाही चाललं तरी पैसे वाया. आणि हे विकायला गिऱ्हाईक निवडलं ते कोण, तर झोपेविना दमलेली आई. याचा मला आजही संताप येतो.

८९९ दोनदा कापले गेले तेव्हा लक्षात आलं. त्या पैशांचा रोल एकही आला नव्हता. ग्राहक सेवेचा व्हॉट्सॲप नंबर पैसे भरेपर्यंत उत्तर देत होता, मग ब्लॉक. परतीचा पत्ता एका कुरिअर गोदामाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असावं लागतं; तक्रार ४८ तासांत पोचल्याचं कळवून महिन्याभरात सोडवावी लागते. त्या साइटवर फक्त एक फॉर्म होता.

आम्ही आधी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मँडेट रद्द केलं, बँकेत वाद नोंदवला, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही कळवलं. एका हप्त्याचे पैसे परत आले. डब्याचे नाही.

डब्यासोबत आलेल्या पहिल्या, पिशव्यांच्या रोलचीही गोष्ट सांगते. त्या पिशवीत प्रत्येक डायपर पीळ देऊन बंद होतो आणि शेवटी प्लास्टिकची एक लांब माळ बाहेर निघते. आमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. त्यांनी माळ पाहिली आणि म्हणाल्या, “वहिनी, यात काय आहे ते कसं कळायचं आम्हाला? हाताने फोडून बघावं लागतं ना.” त्यांनीच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगितलं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यायची जबाबदारी आपलीच होती, आणि त्यासाठी पाकिटं पुरवायची जबाबदारी उत्पादकांची.

आता शी आधी कमोडमध्ये टाकतो; डायपर मात्र कधीच नाही, लाइन तुंबते. मग घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद, वर कागद, लाल ठिपका. छोटा झाकणाचा डबा बाळाच्या खोलीत नाही, बाल्कनीत. रोज रिकामा, धुऊन उन्हात. घरी असताना बहुतेक वेळ सुती लंगोट, ते भिजले की लगेच पाण्यात. खर्च जवळपास शून्य, आणि दर्प नाही. धुरीबद्दलही सासूबाईंशी बोलणं झालं. ओव्याचा असो की धुपाचा, धूर तान्ह्या बाळाच्या खोलीत नको असं डॉक्टरांनी बजावल्यावर त्यांनी स्वतःच शेगडी उचलून ठेवली.

तोच व्हिडिओ, तीच पांढऱ्या कोटातली बाई, मला अलीकडे दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसली. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी यंत्राची वायर काढा, आत्ताच यूपीआय ॲप उघडून ऑटोपेची यादी पाहा, अनोळखी मँडेट रद्द करा आणि खोक्याचे, मेसेजचे, पेजचे फोटो जपून ठेवून मग १९१५ ला फोन लावा. पेज गायब झाल्यावर दाखवायला काहीच उरत नाही.