लष्करी उपग्रह: स्वतःच्या रॉकेटने की परक्याच्या?

२०१६ साली जपानच्या संरक्षण खात्याचा किरामेकी-१ हा दळणवळण उपग्रह विमानाने फ्रेंच गयानातल्या कुरू तळाकडे चालला होता. पेटीवर टाकलेल्या ताडपत्रीमुळे हवेच्या झडपा झाकल्या गेल्या, विमान खाली उतरताना पेटीतला दाब सावरला नाही आणि उपग्रहाच्या अँटेना जायबंदी झाल्या. दुरुस्त होऊन युरोपच्या एरियान-५ रॉकेटने तो गेला एप्रिल २०१८ मध्ये. त्याच्या मागून जायचा होता तो किरामेकी-२ घरच्या तानेगाशिमा तळावरून, घरच्याच एच-२ए रॉकेटने जानेवारी २०१७ मध्ये वर पोचलासुद्धा.

एवढ्यावरून ‘आपले ते बरे’ असा निकाल देऊ नका. याच एच-२ए मालिकेच्या नोव्हेंबर २००३ मधल्या उड्डाणात एक बूस्टर (बाजूला लावलेले जोर देणारे जादा रॉकेट) वेळेवर वेगळा झालाच नाही आणि जपानचे दोन टेहळणी उपग्रह एका दमात नष्ट झाले.

देशाचा लष्करी उपग्रह कोणत्या मार्गाने पाठवावा याचा विचार करताना बहुतेक जण खर्चापासून सुरुवात करतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हा उपग्रह वर्षभर उशिरा गेला तर काय बिघडेल? आणि ऐन वेळी त्याला अडवण्याची ताकद कोणाच्या हातात आहे?

परक्याचे रॉकेट

विकत घेतलेल्या उड्डाणाचा मोठा फायदा म्हणजे घोडा बदलता येतो. संयुक्त अरब अमिरातीचा फाल्कन आय-१ हा टेहळणी उपग्रह जुलै २०१९ मध्ये युरोपच्या ‘वेगा’ रॉकेटच्या अपयशात नष्ट झाला. त्याचा जोडीदारही ‘वेगा’ रॉकेटनेच जायचा होता. पण बेत बदलून रशियन सोयुझ रॉकेट निवडले गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये तो कक्षेत पोचला. ज्याच्याकडे स्वतःचे एकच रॉकेट असते, त्याला दोष सापडून दूर होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

धोका मात्र राजकारणाचा, आणि तो करार करताना दिसत नाही. जर्मनीने २००६ ते २००८ या काळात सार-लूपे मालिकेचे पाच लष्करी रडार उपग्रह रशियाच्या प्लेसेत्स्क तळावरून रशियन रॉकेटांनी सोडले. नाटोतल्या देशाने हे केले, आणि तेव्हा ते कोणाला फारसे खटकले नाही. पुढच्या ‘सारा’ नावाच्या मालिकेचा पहिला उपग्रह जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या फाल्कन-९ ने गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह कझाकस्तानातल्या, रशिया चालवत असलेल्या बैकोनूर तळावर सोयुझवर चढलेले, रॉकेट उड्डाणमंचावर उभे, आणि रशियाने अट घातली: यांचा लष्करी वापर होणार नाही याची हमी द्या, शिवाय ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा सोडावा. उड्डाण रद्द झाले, उपग्रह तिथेच अडकले. वनवेबने पुढे फाल्कन-९ आणि भारताच्या एलव्हीएम-३ वर जागा मिळवली. हे इंटरनेटचे उपग्रह होते. त्यांच्या जागी टेहळणी उपग्रह असते तर त्यांच्यासोबत सगळी गुपितेही तिकडेच राहिली असती.

आणखी एक गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. रॉकेटची निवड बऱ्याचदा उपग्रहातले सुटे भागच करून टाकतात. अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांखाली येणारे भाग असलेला उपग्रह चिनी रॉकेटवर चढवता येत नाही. तेव्हा उड्डाणाचा विचार भागांची यादी ठरतानाच व्हायला हवा.

जबाबदारीही टळत नाही. १९७२ च्या दायित्व कराराप्रमाणे उड्डाण विकत घेणारा देशसुद्धा ‘प्रक्षेपक देश’ ठरतो आणि जमिनीवर झालेल्या नुकसानीला बांधील राहतो.

स्वतःचे रॉकेट

इथे आधी नकाशा उघडावा. इस्राएलच्या पूर्वेला शेजारी देश आहेत, म्हणून त्याचे शावित रॉकेट पालमाखिम तळावरून पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून झेपावते. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. तो वेग फुकट मिळण्याऐवजी त्याच्याविरुद्ध जोर लावावा लागतो, आणि तेवढे वजन कमी नेता येते. जानेवारी २००८ मध्ये इस्राएलने आपला सुमारे ३०० किलोचा टेकसार रडार उपग्रह श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने पाठवला, तेव्हा पश्चिमेच्या वाटेने न मिळणारी कक्षा त्याला मिळाली. तरी शावित मोडीत काढले नाही; ओफेक ही टेहळणी उपग्रहांची मालिका त्यावरच चालू राहिली. मला हा धडा सगळ्यांत मोलाचा वाटतो: घरचे रॉकेट अपुरे असले तरी जिवंत ठेवायचे आणि जिथे ते कमी पडते तिथेच बाहेर जायचे.

भारताची वाटही तशीच पायरीपायरीची. नौदलाचा जीसॅट-७ ऑगस्ट २०१३ मध्ये कुरूहून एरियान-५ ने गेला, हवाई दलाचा जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ मध्ये घरच्या जीएसएलव्हीने, आणि सुमारे ४,४०० किलोचा सीएमएस-०३ नोव्हेंबर २०२५ मध्ये एलव्हीएम-३ ने.

स्वतःच्या रॉकेटचा हट्ट वेळ खातो, हेही खरे. फ्रान्सचे सीएसओ मालिकेचे पहिले दोन टेहळणी उपग्रह २०१८ आणि २०२० मध्ये सोयुझने गेले. तिसरा एरियान-६ साठी राखलेला. ते रॉकेट रखडले आणि उपग्रह मार्च २०२५ पर्यंत जमिनीवर राहिला. शिवाय ‘स्वतःचे’ म्हणजे किती स्वतःचे? अमेरिकेचे लष्करी उपग्रह नेणाऱ्या अ‍ॅटलस-५ च्या पहिल्या टप्प्यात रशियन आरडी-१८० इंजिन होते, आणि २०१४ मध्ये क्रिमियाचा प्रश्न पेटल्यावर त्याला पर्याय शोधण्याची धावपळ झाली.

तातडीचे छोटे रॉकेट

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्हिक्टस नॉक्स मोहिमेत हुकूम मिळाल्यापासून २७ तासांत फायरफ्लाय अल्फा रॉकेट उडाले. आकडा थक्क करणारा आहे, पण उपग्रह आधीच बनवून तयार ठेवलेला होता. गोदामात राखीव उपग्रह ठेवण्याची तयारी नसेल तर तातडीच्या रॉकेटवर पैसे घालू नयेत. एकाच रॉकेटवर अनेकांनी मिळून जाण्याचा मार्ग चाचणीच्या उपग्रहापुरता ठीक. तिथे कक्षा आणि तारीख तुमच्या हातात नसते.

मग काय निवडावे?

३५,७८६ किमी उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत जाणारा जड दळणवळण उपग्रह असेल, तर मी परक्याचे रॉकेट बेलाशक घेईन. तो एकदा गेला की पंधराएक वर्षे काम करतो, आणि जुना चालू असेपर्यंत नव्याला थोडा उशीर सोसतो. खालच्या कक्षेतले टेहळणी उपग्रह लवकर थकतात, सतत बदलावे लागतात, आणि गरज नेमकी तणावाच्या दिवसांत वाढते, जेव्हा परका तळ हात आखडता घेऊ शकतो. त्यांच्यासाठी काही शे किलो नेणारे का होईना, स्वतःचे रॉकेट हवे. ते तयार होईपर्यंत प्रत्येक उपग्रह दोन वेगळ्या देशांच्या रॉकेटांवर बसेल असाच घडवावा: उपग्रह रॉकेटला जोडणारे कडे, हादऱ्यांच्या चाचण्या, वजनाची मर्यादा, सगळे दोन्हींना धरून. हा जादा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात लिहावा. उपग्रह एका रॉकेटच्या मापाने पुरा झाल्यावर ही सोय मागून जोडता येत नाही.