टॉमीचा ठोका की मार्कीचा?

गोंधळात संबळवाला बदलला, की आमच्या तुळजापूरकडच्या कानांना ते लगेच कळतं. रमोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडचे ‘रॉकेट टू रशिया’ (१९७७) आणि ‘रोड टू रुइन’ (१९७८) हे अल्बम पाठोपाठ ऐकले तेव्हा मला तसंच झालं.

पहिल्यात ड्रमवर टॉमी. तो मुळात ड्रमर नव्हताच. बँडचा कारभार बघायचा, दुसरं कुणी जमेना म्हणून बसला. त्यामुळे वाजवणं सरळसोट, एक ठोका जास्तीचा नाही. १४ गाणी, बहुतेक भरधाव.

पुढे टॉमी दौऱ्यांना कंटाळला आणि मार्की आला. तो आधी रिचर्ड हेलच्या वॉइडॉइड्स या बँडमध्ये वाजवायचा. हात वजनदार, हलगीवर जाड टिपरू पडावं तसा. गाणी १२च, पण अकूस्टिक गिटार आली, सोलो आले, संथ चालही आली. आणि मला फार भावतं ते हे, की टॉमी या अल्बमच्या निर्मितीत होताच. जागा सोडली, पण घर सोडलं नाही.

ड्रम शिकणाऱ्या लातूरच्या पोरांना मी पहिलाच देईन, त्यावर हात बसतो. रात्री एकटा असलो की मात्र दुसरा लावतो.