लाईट कट होणार म्हणून मेसेज आला आणि ८७,४९९ रुपये गेले

'आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज कट करण्यात येईल, मागील महिन्याचं बिल अपडेट नाही, अधिकाऱ्याला फोन करा.' हा मेसेज सगळ्यांना माहितीये, मलाही होता, तरी फसले. सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेली तर मशीन बंद, अशा वेळी डोकं चालत नाही, ज्यांना नावं ठेवायचीत त्यांनी खुशाल ठेवा.

फोन केला तर तो एकदम अदबीने, 'घाबरू नका मॅडम, फक्त १० रुपये पेंडिंग दिसतायत', आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप टाकायची फाईल) पाठवली. ती टाकताना फोनने स्वतः विचारलं, ही फाईल धोकादायक असू शकते, तरी इन्स्टॉल करायची का? मग विचारलं, मेसेज वाचायची परवानगी द्यायची का? अहो, लाईट बिलाला माझे मेसेज कशाला वाचायचेत! आणि बिल तर मी ६ तारखेलाच भरलेलं, पावती त्याच फोनमध्ये. महावितरणचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून येत नाही हेही माहीत होतं. तरी मी 'अलाऊ' दाबलं. ते बटण अजून डोळ्यासमोरून जात नाही.

कार्डाचा नंबर टाकला, ८.१७ ला ४९,९९९ गेले. ८.२१ ला मिस्टरांच्या फोनवरून बँकेला कळवलं, तक्रार नंबर घेतला. तरी ८.३४ ला आणखी ३७,५०० गेले! माझा फोन तेव्हा चालूच होता, तुम्ही तसं करू नका, आधी फ्लाइट मोडवर टाका म्हणजे ते अ‍ॅप ओटीपी वाचून चोराला पाठवू शकणार नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन केला म्हणून १२,३०० तरी पैसे गेले त्या पुढच्या खात्यात गोठवले गेले. पण चौकीत? 'आमची हद्द नाही, सायबरला जा.' सायबरवाले म्हणे आधी चौकीचा शिक्का आणा. दोन दिवस नुसत्या फेऱ्या, शेवटी वकिलांनी सांगितलं की बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, तेव्हा कुठे कागद हलला. शाखेत तर मॅनेजर वर न बघता, 'परवानगी तुम्हीच दिलीत.' पहिल्या रकमेचं मान्य, पण कळवल्यानंतर गेलेले ३७,५०० बँकेचेच, २०१७ च्या परिपत्रकापासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, छापून न्या, तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. कळवल्याची वेळ आणि तक्रार नंबर असलेला मेसेज डिलीट करू नका. माझ्या हातात तेवढंच आहे. बँकेने लेखी नकार दिलाय, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय.