आयर्लंडच्या कादंबऱ्या: हिरवळीमागची गावे

आयर्लंडमध्ये घडणाऱ्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर बहुधा हिरवी कुरणे आणि समुद्राकाठचे एखादे एकाकी घर असते. मला मनापासून आवडलेल्या कादंबऱ्यांत मात्र निसर्गाला फारसा वाव नाही. तेथे सत्ता चालते ती गावाची, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या पण कोणीही उच्चारायच्या नसलेल्या गोष्टींची. मी हौसेने वाचणारा वाचक आहे, अभ्यासक नव्हे, तेव्हा पुढील मते त्याच बेताने घ्यावीत.

यांतली सर्वांत सरस कादंबरी म्हणजे क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१). वेक्सफर्ड परगण्यातील न्यू रॉस या गावी, १९८५च्या नाताळाच्या तोंडावर, कोळसा आणि लाकूड विकणारा बिल फर्लाँग जोगिणींच्या मठात माल पोहोचवायला जातो आणि तेथील कोळशाच्या कोठीत त्याला कोंडून ठेवलेली एक मुलगी सापडते. ‘वाकडे पाऊल पडलेल्या’ ठरवलेल्या मुलींना अशा मठांच्या धुलाईघरांत राबवले जात असे. त्यांतले शेवटचे १९९६मध्ये बंद झाले आणि सरकारने माफी मागितली ती थेट २०१३मध्ये. कीगन यांनी यावर एक शब्दही प्रवचन केलेले नाही. मठ आणि शेजारची मुलींची शाळा यांच्यामधल्या उंच भिंतीवर काचा रोवलेल्या आहेत, एवढेच त्या दाखवतात. आणि पाच लेकींच्या बापाला त्या शाळेशी वैर परवडणारे नाही, हे वाचकाला आपोआप उमगते. प्रमुख जोगीण फर्लाँगला चहा पाजून, नाताळाच्या शुभेच्छापत्रातून पैसे देऊन निरोप देते, तो प्रसंग तर कोणत्याही धमकीपेक्षा अंगावर येतो.

त्याच परगण्यातील एनिसकॉर्थी हे कॉलम टोबीन यांचे जन्मगाव ‘ब्रुकलिन’मध्ये (२००९) येते. मिस केली नावाची दुकानदारीण गिऱ्हाइकाची पत पाहून ताजा पाव कोणाला द्यायचा ते ठरवते, आणि रविवारी तिच्याकडे कामाला येणाऱ्या आयलिशच्या डोळ्यांनी आपल्याला १९५०च्या दशकातले सगळे गाव कळते. पुढे आयलिश नोकरीसाठी अमेरिकेला जाते, तो मधला भाग मला किंचित सैल वाटला. नायिका परतल्यावर पुस्तक पुन्हा पकड घेते.

जॉन मक्गॅहर्न यांच्या ‘अमंगस्ट विमेन’मध्ये (१९९०) गावाची जागा घराने घेतली आहे. स्वातंत्र्ययुद्धात लढलेला मोरन रोज संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून गुडघे टेकतो, सगळ्या कुटुंबाला जपमाळेच्या प्रार्थनेला बसवतो आणि त्याचा पारा कधी चढेल या धास्तीत पोरी मोठ्या होतात. घटना थोड्या आहेत, त्यामुळे रहस्याची अपेक्षा ठेवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

अ‍ॅना बर्न्स यांची बुकर पारितोषिकप्राप्त ‘मिल्कमन’ (२०१८) सर्वांत शेवटी वाचावी. १९७०च्या दशकातील, बेलफास्टची आठवण करून देणाऱ्या निनावी शहरात चालता चालता पुस्तक वाचणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीभोवती कुजबुजीचा फास आवळत जातो. पात्रांना नावे नाहीत, परिच्छेद संपता संपत नाहीत आणि पहिल्या पन्नासेक पानांत माझा संयम सुटत आला होता. पण निवेदिकेचा तिरकस विनोद एकदा कानात बसला की याच लांबलचक वाक्यांची गोडी लागते.