फायबरग्लास पूलच्या दुरुस्तीत माझे 5,05,000 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला मला बरेच महिने लागले. घरात अजून हा विषय निघाला की बायको उठून आत जाते. पण मुरुडकडच्या एका ओळखीच्या होमस्टेवाल्याला हुबेहूब तसंच कोटेशन आल्याचं परवा कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

अलिबागकडच्या अष्टागरात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि चार खोल्यांचा होमस्टे. पूल 2009 चा, फायबरग्लासचा तयार शेल, म्हणजे आखी एकसंध टाकी, 22 बाय 11 फूट. सोळा वर्षांत जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, फिका पडला होता, पायऱ्यांजवळ वाटाण्याएवढे फोड आले होते आणि पाणी कमी व्हायचं. नवीन बसवायचा की आहे तोच दुरुस्त करायचा, या घोळात होतो आणि नेमका हा पूलदुरुस्तीचा ठेकेदार भेटला. आधी घाबरवायचं, मग ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून स्वस्तातला मार्ग दाखवायचा, ही पद्धत तुम्हाला माहीत असेलच. नाण्याने भिंत ठोकली, ‘पोकळ वाजतंय’ म्हणाला. नवीन शेल 7,80,000, दुरुस्ती 2,85,000. बिल नको असेल तर जीएसटीचे 18 टक्के वाचतील. मी बिल नको म्हटलं. मे महिन्याची बुकिंग डोक्यावर होती, माझ्या जागी बहुतेकांनी हेच केलं असतं. पण बिल नाही तर पुढे तुमच्या हातात काहीच नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

आमचं पाणी रोज उतरायचं आणि स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या झरोक्याच्या, तोंडापाशी येऊन थांबायचं. हे मी स्वतः त्याला सांगितलं होतं! पाणी तिथेच थांबतं म्हणजे गळती स्किमरच्या जोडात असण्याचीच शक्यता जास्त. शेलला खाली तडा असता तर पाणी त्याच्याही खाली गेलं असतं. त्याने ‘शेल पाणी पितो’ असं काहीतरी सांगितलं. कुणाला बोलावण्याआधी पायरीवर पाण्याची बादली ठेवा, बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीची खूण करा, पंप बंद ठेवून एक दिवस थांबा. दोन्हीकडे सारखंच कमी झालं तर ते बाष्पीभवन. एवढंसं मी केलं नाही.

18 मार्च 2025 ला काम सुरू झालं. 1,00,000 आधी, 1,10,000 मालाचे, 75,000 काम संपल्यावर. आणि आता तो क्षण, जो मी रोज रात्री आठवतो. शेजारचे तात्या फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. ते सकाळी बोंबील घेऊन आले आणि पूलच्या काठावर उभे राहिले. म्हणाले, “भाऊ, फायबर मारतायत ना? मग वास कसा नाय?” फायबर घट्ट करणाऱ्या रेझिनचा वास उग्र असतो, डोक्यात बसतो, दोन वाड्या सोडून येतो. इथे फक्त थिनरचा हलका वास होता. तात्यांनी पोरांकडे बोट दाखवलं. ग्राइंडर मारला की काचेची धूळ अंगाला खाजते, आणि ही पोरं उघड्या अंगाने आरामात बसली होती. मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, होडीचं रेझिन वेगळं, हे इंपोर्टेड, बिनवासाचं. आणि मी तात्यांना म्हणालो, “तुमचं होड्यांचं काम, हे वेगळं असतं.” चाळीस वर्षं ज्या माणसाचे हात रेझिनमध्ये गेले, त्याला मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बोंबलांची पिशवी पडवीत ठेवून निघून गेले.

ते रेझिन नव्हतंच, फरशीचा रंग होता. 1 मेच्या सुट्टीला पाहुणे आले. एक सहा वर्षांची मुलगी पाण्यातून बाहेर आली तर पाठभर निळे पापुद्रे चिकटलेले. तिच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते विसरता येत नाही.

तेव्हाच थांबायला हवं होतं. ठेकेदार लगेच धावत आला, माफी मागितली. म्हणाला, शेलच गेलाय, त्यावर काही धरणार नाही, नवीनच घ्या, आधीचे 1,50,000 त्यात वळते करून देतो. गेलेले पैसे परत दिसायला लागले की माणूस आंधळा होतो. 6 मेला मी आणखी 2,20,000 पाठवले, तेही त्याच्या फर्मच्या नाही, ‘बहिणीच्या’ खात्यावर. फर्मचं नाव आणि खात्याचं नाव वेगळं असेल तर एक रुपयाही पाठवू नका.

मग फोन आला: 22 मेला पूल रिकामा करा, माणसं पाठवतो. मी केला. माणसं आली नाहीत. त्या वर्षी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला, आमच्याकडे त्याआधीच झोडपत होता. जमिनीतलं पाणी वर आलं आणि रिकामा शेल होडीसारखा उचलला गेला. सकाळी पाहिलं तर खोल बाजू फूटभर वर, पाइप तुटलेला, काठाच्या लाद्या फुटलेल्या. पावसाच्या तोंडावर फायबरचा पूल कधीही रिकामा करू नका, कुणीही सांगितलं तरी. नंतर तात्यांनी शेल तपासला. दाबल्यावर लवत नव्हता, आतले काचेचे तंतू उघडे पडले नव्हते, फोड वरच्या थरातच होते. घासून, काही आठवडे पूर्ण वाळू देऊन, व्हिनाइल एस्टर रेझिन आणि वर नवीन जेलकोट, एवढ्यात तो पूल उभा राहिला असता. शेल आरपार तडकला, भिंत फुगली, तंतू दिसायला लागले तरच बदलायचा विषय येतो. आता आमचा उचलला जाऊन आरपार तडकलाय, आता बदलावाच लागेल.

आणि दाद मागायला गेलो तर! पहिल्या पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला, वकील गाठा. खोटं सांगून पैसे काढले, खोटा माल मारला, हा दिवाणी मामला कसा? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, त्याचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते, शून्य एफआयआर त्यालाच म्हणतात. हे मी म्हटल्यावर समोरचा साहेब म्हणाला, “तुम्हीच कायदा शिकवा आम्हाला.” तिसऱ्या खेपेला नुसता अर्ज घेतला, पोच मागितली तर उद्या या. बँकेत गेलो तर पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात. म्हणजे फसवणारा मोकळा आणि जाब मी द्यायचा! ग्राहक आयोगात 5,00,000 पर्यंत फी नाही, माझी रक्कम 5,000 ने वर, म्हणून 200 रुपये भरले, त्याचं काही नाही. पण तिथल्या खिडकीवर ऐकवलं की होमस्टे म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा कायद्याने या अटीतून वगळलाय, म्हणजे असा माणूस ग्राहकच धरला जातो, हे मला वकिलाकडून कळलं. तुम्हाला कुणी असं म्हणून परतवलं तर परतू नका. ठेकेदाराला पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली, आता पुढची तारीख.

नव्या शेलचा म्हणून ठेकेदाराने मला एक फोटो पाठवला होता: ट्रेलरवर आकाशी रंगाचा शेल, मागे पत्र्याची शेड आणि शेडचा लाल दरवाजा. मुरुडच्या माणसाला आलेला फोटो तोच आहे. तुमच्याही मोबाइलवर तो आला असेल तर आज पैसे पाठवू नका, आधी मला कळवा.