विनिपेगचा हिवाळा आणि माझा डाउन पार्का: ऊब झकास, चेन भिकार

इथे कॅनडात, विनिपेगला घालायला घेतलेल्या डाउन पार्काच्या, म्हणजे पिसं भरलेल्या हूडवाल्या जाड कोटाच्या, वॉरंटीचं उत्तर काल आलं. चेन बिघडणं म्हणे "नॉर्मल वेअर अँड टेअर", क्लेममध्ये बसत नाही. डिसेंबरात घेतलेली वस्तू फेब्रुवारीत झिजली म्हणे! म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांची फुकट जाहिरात.

फिल पॉवर (पिसं किती फुलतात त्याचा आकडा), वॉटरप्रूफिंग वगैरे सगळं वेबसाइटवर आहेच, ते परत टाइप करत बसत नाही. बॉक्सिंग डेच्या (26 डिसेंबर) सेलमध्ये 420 डॉलरला पडला, वर इथल्या मॅनिटोबा प्रांतातला 12 टक्के टॅक्स, म्हणजे 470 धरा. रुपयात हिशोब करू नका, मी केला आणि मग बरेच दिवस टॅग कापायचं धाडस होईना.

ऊबेबद्दल तक्रार नाही. उणे 30 ला आत एक थर्मल आणि एक फ्लीस, बस. हूडच्या कडेचा फर नुसता शोभेचा नाही, वारा थेट तोंडावर येत नाही त्याने. लेबलवरच्या "-40" ला मात्र फार भुलू नका. स्लीपिंग बॅगेला तापमानाची प्रमाणित टेस्ट असते, जॅकेटला तसं सगळ्या कंपन्यांना बांधील असं काही नाही, ज्याला वाटेल तो आकडा छापतो. आणि दारातला बर्फ उपसून घामाघूम झालेला माणूस आणि बसस्टॉपवर नुसता उभा राहिलेला माणूस, दोघांना एकच आकडा कसा लागू पडेल?

आता चेन. टू-वे आहे, म्हणजे वर-खाली सरकणारे दोन रनर. दोन्ही पार तळाला टेकलेले असले तरच पिन नीट बसते, एक जरा वर राहिला की दाते वाकडे बसतात आणि चेन छातीपर्यंत येऊन खालून उघडत जाते. त्यात चेनच्या मागे वारा अडवायला लावलेली पट्टी, तिचं पातळ अस्तर सारखं रनरमध्ये अडकतं. वर श्वासाची वाफ हनुवटीपाशी गोठते, की वरचे दाते जाम. घरात हे सगळं किरकोळ वाटेल, पण बसस्टॉपवर मिटन (अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकत्र असा हातमोजा) घालून रनरची ती चिमुकली दांडी धरताच येत नाही, मिटन काढावाच लागतो. आणि इथल्या हवामान खात्याच्या कोष्टकाप्रमाणे विंड चिल (वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी) उणे 40 ते 47 असेल तर उघडी त्वचा 5 ते 10 मिनिटांत गोठू शकते. म्हणजे थंडीपासून वाचायला घेतलेला कोटच मला हात उघडे टाकायला लावतो!

जानेवारीत पोर्टेज अव्हेन्यूला हेच झालं. बस लेट, अस्तर अडकलेलं, मी ओढतोय. बोटांची टोकं पांढरीफटक आणि बधिर. ऑफिसात जाऊन हात चोळणार तेवढ्यात शेजारची बाई ओरडली, चोळू नकोस, कोमट पाण्यात धर, गरम अजिबात नको कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. रंग परत येताना जी कळ येते ना, दुश्मनाला येऊ नये. फोड वगैरे आले नाहीत, नाहीतर डॉक्टर गाठावा लागला असता.

सर्व्हिसवाल्यांना हे सगळं लिहिलं. आधी फोटो मागितले, मग बिल, मग आतल्या टॅगचा फोटो, मग वरचं उत्तर. मी कळवलं की बंद न होणारा पार्का म्हणजे बाह्या असलेलं पांघरूण. त्यावर अजून शांतता आहे. 5 पैकी 2.

अपडेट, एप्रिल: मत थोडं बदललंय. अख्खी चेन बदलायचे एका दुकानात 80 डॉलर सांगितले, मी तिथूनच मागे फिरलो. दुसऱ्या एका छोट्या दुकानातल्या फिलिपिनो ताईंनी चेन बघितली, म्हणाल्या दाते ठणठणीत आहेत, रनर सैल झालाय. खालचा रनर बदलला, पट्टीचं अस्तर एक टीप मारून दाबलं, दांडीत बुटाच्या लेसचा लूप ओवून दिला, 15 डॉलर. आता मिटन न काढता चेन लागते. मी वरून मेणबत्ती घासतो, त्यानेही सरकते छान. आणि ज्या दुसऱ्या रनरला मी शिव्या घातल्या तो बसमध्ये बसताना कामाचा आहे, खालून चेन उघडली की पार्का मांडीवर फुगून बसत नाही.

म्हणून आता साडेतीन. बाकीचा दीड कंपनीचा, कारण तो लेसचा लूप त्यांना 470 डॉलरमध्ये देता आला असता.

सप्टेंबर इनटेकला इथे शिकायला येणाऱ्यांनी दुकानात मिटन घालूनच चेन पाच-सहा वेळा लावून बघा, सेल्समन बघत बसला तर बसू दे. हो, मिटनच, पाच बोटांचे ग्लोव्हज नकोत, मिटनमध्ये बोटं एकमेकांना गरम ठेवतात. आता मे लागायच्या आत धुवायचा आहे. ड्रायरमध्ये कमी हीटवर टेनिसचे बॉल टाकून वाळवतात, म्हणजे पिसांचे गोळे होत नाहीत, एवढं माहीत आहे. फर निघतो, पण तो धुवायचा कसा हे टॅगवर नाही. कोणी धुतलाय का?